मागच्या सीटवरची वही

मुंगीने उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही कुणाच्या पैशाअडक्यात नाही, कादंबरीत केली.

अंगाने बारीक आणि कामात नेटकी, म्हणून शाळेतच तिचं नाव मुंगी पडलं ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. तिचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत. मुंगी आपल्या अरुंद खोलीत बसून त्यावर मेण चढवी, एकेक दात बसवी आणि घासून घासून सगळं असं गुळगुळीत करी की घालणाऱ्याच्या जिभेला कुठे म्हणून टोचू नये. खरखर तिला खपतच नसे. आणि जिवाभावाची मैत्रीण मात्र मिळाली ती भोंगा! भोंगा गाडी चालवायला शिकवायची. मैदानाच्या या टोकाला तिने "ब्रेक!" म्हटलं की त्या टोकाला चाललेल्या सायकलवाल्याचा पाय जमिनीला टेकायचा.

कादंबरीची कल्पना भोंग्याची. "साधंसुधं नको," ती म्हणाली, "आकाशात मावणार नाही असं काहीतरी लिहू." मग नऊ सूर्य झाले, चौदा राज्यं झाली, दोनशे वर्षं चालणारं एक युद्ध झालं आणि वर थोडी जादूही आली. विषम प्रकरणं भोंग्याची, म्हणजे लढाया. सम प्रकरणं मुंगीची, म्हणजे दरबार, नातीगोती आणि कारस्थानं. नियम एकच होता: दुसरीचं खोडायचं नाही, जे असेल ते पुढे न्यायचं. मुंगीने त्यावर भोंग्याच्या हातावर टाळी दिली होती.

जी ती आपल्या धंद्याचं घेऊन आली होती, हे सांगायला नकोच. मुंगीच्या नऊही राजांची ओळख दातांवरून व्हायची. एकाची वरची दाढ किडलेली होती म्हणून त्याच्या राज्यात अन्याय फार. भोंग्याची कप्तानबाई धूमकेतूला ओलांडण्याआधी आरसा बघायची, दिवा लावायची आणि मगच यान काढायची.

भोंग्याला एका जागी बसून लिहिणं जमायचं नाही. पाच मिनिटांत तिचे गुडघे हलायला लागत. म्हणून त्यांनी आपली एक पद्धत काढली. शिकाऊ बाई स्टिअरिंगवर, भोंगा शेजारी, पायाखाली मास्तरणीचा जादा ब्रेक, आणि मागच्या सीटवर वही घेऊन मुंगी. मैदानाला चकरा मारता मारता भोंगा लढाई सांगायची. "शत्रूची शंभर यानं समोर उभी ठाकली, आणि कप्तानबाई म्हणाली, अगं क्लच, क्लच दाब! म्हणाली, आज माघार नाही." मुंगी हे सगळं भराभर उतरवून घ्यायची आणि शिकाऊ बाईला उद्देशून असेल ते कंसात टाकायची. मग घरी जाऊन कंस वगळून बाकीचं कॉम्प्युटरवर उतरवायची.

लबाडी झाली ती इथे. उतरवताना मुंगीचे हात स्वस्थ बसेनात. भोंग्याची कप्तानबाई शत्रूला "ए टोणग्या" म्हणे, मुंगीच्या हातून ती "हे दुष्टा" म्हणू लागली. भोंग्याचे तारे "डोळ्यात मिरची गेल्यासारखे" लुकलुकत, मुंगीचे नुसते लुकलुकले. पहिल्या रविवारी तिने ते साफसूफ केलेलं प्रकरण वाचून दाखवलं, तर भोंग्याचा चेहराच उतरला. "हे कुणाचं वाचतेयस?" मुंगी गडबडली. "अगं, भलताच कागद आला हातात," म्हणाली आणि वही काढून मूळचं वाचलं. भोंगा खूश झाली, मांडीवर थाप मारून हसली. तेव्हापासून दर रविवारी वाचायला वही आणि पुस्तकासाठी घासलेली प्रत, असा दुहेरी कारभार दोन वर्षं बिनबोभाट चालला. भोंगा स्वतः वाचायच्या फंदात पडायची नाही. दोन पानं झाली की तिला चहा लागायचा.

मुंगी मनाला समजवायची, आपण खोडत थोडंच आहोत, जरा बसवतोय. पण भोंगा कधी रात्री जेवायला आली आणि समोर बसली की मुंगी आपल्या ताटाकडेच बघत जेवायची. हिला कळलं तर ही आपलं तोंड बघायची नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यातच एका प्रकाशिका बाईंनी पहिली चार प्रकरणं वाचून निरोप धाडला, भाषा मोठी घोटीव आहे, महिनाअखेर सगळं पाठवा. भोंग्याने तो निरोप मैदानातल्या प्रत्येक शिकाऊ बाईला ऐकवला. "घोटीव म्हणतात मला!" मुंगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नेमका त्याच आठवड्यात भोंग्याचा आवाज बसला. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, स्वरयंत्रावरची बारीकशी गाठ काढली आणि बजावलं: तीन आठवडे एक अक्षर नाही. कुजबुज नाही, खाकरणं नाही, खळखळून हसणंही नाही. भोंग्याच्या सुनेने तर डॉक्टरांना दोनदा विचारलं, फक्त तीनच आठवडे का.

मुकी मास्तरीण गाडी काय शिकवणार! शिकवण्या बंद पडल्या. भोंगा गळ्यात पाटी अडकवून मुंगीच्या कामाच्या खोलीत येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तिने सगळे साचे मोजले. दुसऱ्या दिवशी मेणाचा एक बैल केला. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, "आपलं पुस्तक दे. वाचते."

"वाचून काय करतेस, ऐकलंयस की सगळं," मुंगी म्हणाली. "डोळे दुखतील." भोंग्याने चष्मा दाखवला. "अजून छापायचंय." भोंग्याने फळीवरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. मुंगीच्या हातात एका म्हाताऱ्या गृहस्थांची खालची कवळी होती, ते तासाभरात न्यायला यायचे होते, तिला उठता येईना. भोंग्याने गठ्ठा काढून मांडीवर घेतला.

दोन दिवस ती वाचत होती. मुंगीने त्या दोन दिवसांत एका कवळीला सुळा उलटा बसवला, जे तीस वर्षांत झालं नव्हतं. भोंगा पानं पुढे उलटायची, मग मागे जायची. सतराव्या प्रकरणापाशी ती फार वेळ थांबली. मग गठ्ठा नीट ठोकून एकसारखा केला, फळीवर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "माझं नाव काढ."

"अगं ऐक तरी," मुंगी म्हणाली.

भोंग्याने पाटी पुसली सुद्धा नाही. तशीच गळ्यात घेऊन रस्त्याने घरी गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भोंग्याचं ओरडणं मुंगीने चाळीस वर्षं ऐकलं होतं, त्याचं तिला काही वाटत नसे. हे गप्प जाणं मात्र तिला सोसवेना. ती तिथेच स्टुलावर बसून रडली, आणि कवळी न्यायला आलेल्या दुसऱ्याच एका गृहस्थांना वाटलं, आपल्याच कवळीची काही मोडतोड झाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने वह्या काढल्या. अकरा वह्या. दातांच्या डॉक्टरांना कळवलं, आठवडाभर नवं काम घेत नाही. टोणगे परत आणले, मिरच्या परत आणल्या, आरसे आणि दिवे जिथल्या तिथे बसवले. हात शिवशिवायचे, पण एक वाक्य घासलं नाही. आणि उतरवता उतरवता एक गोष्ट तिला कबूल करावी लागली, की हे चांगलं होतं. लढाईत दम होता. तिने तो दोन वर्षं बसून कानशीने घासून काढला होता. प्रकाशिका बाईंना आता हे घोटीव वाटणार नव्हतं, कदाचित त्या परतही पाठवतील. पाठवू देत, मुंगी म्हणाली. भोंग्याचं नाव नसलेलं पुस्तक तिला फुकटसुद्धा नको होतं.

आठव्या दिवशी सकाळी ती नवा गठ्ठा घेऊन मैदानावर गेली. भोंगा गाडीच्या काचा पुसत होती. बघून न बघितल्यासारखं करून पुसत राहिली.

"सगळं जसंच्या तसं उतरवलंय," मुंगी म्हणाली. "चुकले मी. तुझ्याशी खोटं वागले. तू बोललीस ते सगळं आहे यात, शब्दन् शब्द."

भोंग्याने फडकं टाकलं, गठ्ठा बॉनेटवर ठेवला आणि इकडेतिकडे न बघता थेट सतरावं प्रकरण काढलं. बोट फिरवत फिरवत पानाच्या मध्यावर आली. थांबली. मुंगीकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने पाटी ओढली. "अजूनही नाही."

"काय नाही? वही आहे माझ्याकडे, दाखव!"

भोंग्याने मुंगीच्या पिशवीतून ती वही स्वतःच काढली. ते पान सापडायला तिला वेळ लागला नाही. शेवटच्या लढाईआधीची सकाळ होती. कप्तानबाई यान काढायच्या बेतात, मागे तिची नकाशेवाली बसलेली. ही नकाशेवाली म्हणजे एक बारकीशी, अबोल बाई, जी लढायांत काहीच करत नसे. मुंगीला ती कायम बिनकामाची वाटत आली होती. त्याच्या खाली मुंगीच्याच अक्षरात कंस होता आणि कंसात चार ओळी.

मुंगीला तो दिवस आठवला. स्टिअरिंगवर एक नर्स होती. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा, म्हणजे शेवटची चक्कर. भोंगा समोर काचेतून बघत एकदम हळू आवाजात बोलली होती, आणि मुंगीला वाटलं होतं, ही त्या नर्सला निरोप देतेय. म्हणून कंस. कंसातलं वाचायचं नाही, उतरवायचं नाही. रविवारी तिने ते वगळलं आणि आता आठ दिवस मान मोडून वही उतरवताना पुन्हा वगळलं.

"हे त्या नर्सला नव्हतं?" तिने विचारलं.

भोंग्याने कपाळावर हात मारला. मग पाटीवर भराभर लिहू लागली, खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने लिहिलं. "रविवारी वाचलं नाहीस. वाटलं लाजलीस. पुस्तकात घेतलं असशील. म्हणून गप्प बसले." पाटी पुसली. "टोणग्याचं काय, गेला उडत. हे हवं होतं मला छापून." पुन्हा पुसली. "तोंडाने मी कधी म्हणणार होते?"

मुंगीने वही उचलली. मैदानात दुसऱ्या शाळेच्या दोन गाड्या फिरत होत्या, कुणीतरी गिअर खरडत होतं. तिने कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. आता चढवला, कारण हे हळू वाचण्यासारखं नव्हतं.

"मग कप्तानबाई तिला म्हणाली," मुंगी वाचू लागली, "मी कुणाला भीत नाही असं सगळे म्हणतात. तू होतीस म्हणून मी इतकी बेधडक निघाले, हे कुणाला माहीत नाही. तू बोलत नाहीस, पण तू आहेस एवढं कळलं की माझा हात थरथरायचा थांबतो. तू उतरून गेलीस तर दुसऱ्या दिवशी मला निघावंसं वाटेल का, कोण जाणे."

वाचून झालं. मुंगीला पुढे काही दिसेना. ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात काय नीट बसतं ते बघत आली होती, आणि जे तिच्यासाठी म्हणून कुणी बोललं ते तिने कंसात टाकून ठेवलं होतं. "मला वाटलं ती बाई उगाच आहे पुस्तकात," ती म्हणाली. "मी तिला दोन ठिकाणी काढून पण टाकली होती गं."

भोंग्याने पाटीवर लिहिलं, "माहितेय. वाचलं." आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. दोघी नाकं पुसत होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

मग मुंगीने पेन काढलं. कंसाच्या दोन्ही रेघा खोडल्या. दोन वर्षांत नियम मोडून तिने उघडपणे खोडलेलं तेवढंच.

भोंग्याने पाटी पुढे केली. "अठरावं तुझं. ती काय म्हणते?"

सम प्रकरण मुंगीचं, हे खरंच होतं, आणि अठरावं अजून लिहायचंच राहिलं होतं. कप्तानबाईने एवढं बोलल्यावर नकाशेवालीला उत्तर देणं भाग होतं. मुंगीच्या प्रकरणांत लोक अर्धं पान बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नसत. पण त्या दिवशी तिने बॉनेटवर वही टेकवून एकच ओळ लिहिली आणि भोंग्यासमोर धरली.

"उतरून कुठे जाऊ? मला मेलीला तुझ्याशिवाय घरचा रस्ता तरी सापडतो का!"

भोंग्याने ती वाचली आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, कारण डॉक्टरांनी सांगितलेले अजून पाच दिवस बाकी होते. तिचे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मुंगी तिच्या पाठीवरून हात फिरवत घाबरून म्हणत होती, "हसू नकोस गं, टोणगे, हसू नकोस, टाके उसवतील!"