रामजींची पाळी

‘खिदळे मंडळी’ म्हटलं की मुंबईत माणसं पडदा उघडायच्या आधीच हसायला लागतात. आणि या मंडळींना चार वर्षं स्किट लिहून देणारा कोण, तर बहारीनला गुदैबियात राहणारा, दिवसा लिफ्टच्या कंपनीत ड्रॉइंगं काढणारा सुजीत. लिहून झालं की सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढायचे आणि फोनवरून पाठवायचे, ही त्याची रीत. तिकडे मंडळींची म्होरकी चारुलता ते कान देऊन ऐकायची आणि स्टेजवर उभं करायची.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं स्किट एका विधवेचं. ती रिकाम्या खुर्चीतल्या नवऱ्याशी भांडते आणि दर वेळी जिंकते. आज मंडळी इथे बहारीनमध्येच, मनामात खेळ करणार होती, पहिल्यांदाच स्टेजवरून सुजीतचं नाव पुकारलं जाणार होतं. आणि पहिल्या रांगेत बसणार होत्या सुमनबाई.

ती विधवा म्हणजे सुमनबाईच. खालच्या मजल्यावर लेकीकडे राहणाऱ्या. आठ वर्षं दर शुक्रवारी सुजीतचं पान त्यांच्याकडे. शेगडीपाशी त्या गेलेल्या नवऱ्याशी, रामजींशी बोलायच्या, ते बोलणं त्यानं उचललं आणि सांगितलं मात्र नाही. ते दार मिटलं तर या खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात त्याला आपलं म्हणावं असं दुसरं घर नव्हतं.

सकाळीच तो खाली उतरला.

“जय भीम, मावशी. एक चूक झाली माझ्याकडून.”

“बस आधी. चूक उभ्यानं सांगू नये.”

त्यानं सांगितलं, वाचूनही दाखवलं. सुमनबाई भाकरी थापत ऐकत राहिल्या. परातीतला हात तेवढा हळू झाला.

“इचारलं असतं तर मी नाही म्हणली असती काय रे?”

सुजीत हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

“लोकं हासतात?”

“पोट धरून.”

“हासू दे. पण शेवट खोटा हाय. ते होते तवा मी जिंकत होती. रोज. एक दिस बिचाऱ्याईले जिंकू देलं नाही. आता मी बोलते अन् चूप राहते. मंग त्याईची पाळी राहते.”

सुजीतनं तिथूनच फोन लावला. “चारुताई, तिची जिंकायची शेवटची ओळ काढा. ती फक्त खुर्चीकडे बघत थांबेल.”

“वेडा आहेस का? साठ प्रयोगांत त्या ओळीची टाळी चुकलेली नाही. आणि खेळाच्या दिवशी ओळ हलत नाही, नियम आहे आपला.”

“मग स्किटच काढा. माझं नावही नको.”

पलीकडे चाललेली तालीम थांबवल्याचं ऐकू आलं. मग चारुलता म्हणाली, “आवाज काढून पाठव. किती थांबायचं ते कळू दे मला.”

सुजीतनं रेकॉर्डिंग सुरू केलं. सुमनबाईंच्या देखत सुमनबाईंच्याच आवाजात तो भांडला, मिठावरून, चष्म्यावरून, आणि गप्प झाला. मनात पाच मोजले. बंद करायला बोट नेलं, तोच पिठाच्या हातानं त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब ना बाप्पा,” त्या कुजबुजल्या. “ते अजून बोलून राहिले.”