आत घेतलेली गॅलरी

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची जुनी गॅलरी आहे. म्हणजे होते. आता या घरात मला ‘क्षमाची खोली’ म्हणतात, आणि क्षमा या खोलीत पाऊलही टाकत नाही.

माझा जन्म एकोणऐंशी सालचा. चार फूट रुंद, दहा फूट लांब, पुढे सिमेंटच्या जाळीचा कठडा. विद्याधर घर बघायला आले तेव्हा त्यांनी नळाला पाणी किती वेळ येतं हेसुद्धा विचारलं नाही. सरळ माझ्याकडे आले. त्यांचं बोट धरून सात वर्षांची क्षमा होती. गिरगावातल्या तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत तिला दमा जडला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, मुलीला उजेडात ठेवा, वाऱ्यावर ठेवा. विद्याधर बायकोला म्हणाले, “पद्मजा, हीच जागा घेऊ. बाकी काही नसलं तरी चालेल. ही गॅलरी आहे ना.”

ते वाक्य मी विसरले नाही. ते विसरले.

पहिली आठ वर्षं मी खूप कौतुक करून घेतलं. सकाळचं ऊन माझ्यात गुडघाभर यायचं. क्षमा तिथे बसून दूध प्यायची, दात घासायची, पाढे म्हणायची. ओले कपडे माझ्या दोरीवर वाळायचे, गाद्या माझ्या कठड्यावर उन्हं खायच्या. दोन वर्षांत औषधाच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत तिच्या वर्गातली शकू राहायची. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या कठड्याला रेलून एकमेकींना इतिहासाच्या सनावळ्या विचारायच्या. उत्तर चुकलं की दोन्ही बिल्डिंगना हसू ऐकू जायचं. आल्यागेल्याला पद्मजा सांगायची, “हिचा दमा आमच्या गॅलरीने घालवला हो.” मी फुगून जायचे.

मग बिल्डिंगमध्ये एक साथ आली. गॅलरी आत घ्यायची. एकाने घेतली, मग त्याच्या खालच्याने, मग सगळ्यांनीच. विद्याधरांच्या मनात कधी ना कधी येणार, हे मला दिसत होतं. पण विषय काढला तो क्षमाने.

“बाबा, सगळ्यांनी गॅलरी आत घेतली. आपणच काय ते राहिलोय. दहावीला मला स्वतःची खोली नको का?”

“अगं पण तुझा दमा,” पद्मजा म्हणाली.

“आई, तो कधीच गेला ना गं.”

“झकास,” विद्याधर म्हणाले. “टेबल बसेल ना आत?”

मित्रांनो, मी तिला बरं केलं, म्हणूनच मी तिला नकोशी झाले. हे मला फार लागलं. अजून लागतं.

मे महिन्यात कारागीर आले. कठड्यावर अॅल्युमिनियमच्या चौकटी बसल्या, त्यात काचेच्या दुधी पट्ट्या. रस्त्याची धूळ नको आणि अभ्यासात लक्ष जायला नको म्हणून पट्ट्या कायम बंद. भर दुपारी दिवा जळायचा. पावसाळ्यात ओले कपडे आतच, क्षमाच्या डोक्यावर टांगलेले. टेबलामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले आणि पसरत गेले. ते कोणाला दिसले नाहीत, मला माझ्या अंगावर जाणवत होते. क्षमा शाळेतून आली की आत यायची आणि दार लावून घ्यायची. ताटही आतच. खेळ बंद, फिरणं बंद. झोप उडाली. वहीवर डोकं ठेवून ती रडायची, आणि का रडतेय ते तिलाही सांगता यायचं नाही.

शकू समोरून हाक मारायची, “क्षमे, ए क्षमे, सन विचारू का?” सुरुवातीला क्षमा एखादी पट्टी वर करायची. पुढे तेही सुटलं.

दिवाळीनंतर एकदा तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू आली. मी ती लगेच ओळखली. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझं तोंडच बंद केलेलं.

जानेवारीत प्रीलिमच्या तिसऱ्या पेपरला तिला धाप लागली आणि ती पेपर अर्धा टाकून घरी आली. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. डॉक्टर घरी आले. त्यांनी माझ्यात येऊन नाक मुरडलं आणि टेबल स्वतः पुढे ओढलं.

“ही बुरशी बघा. मुलगी इथे किती वेळ बसते?”

“शाळा सोडली तर इथेच,” विद्याधर म्हणाले.

“कोणाशी बोलते? झोपते?”

“नाही हो,” पद्मजा म्हणाली. “काही विचारलं की डोळ्यांत पाणी.”

“औषध देतो. पण या कोंडीत ते पुरं पडणार नाही. हिला मोकळी हवा द्या आणि माणसांत ठेवा.”

मी मनातून हरखले. आता पट्ट्या निघणार, ऊन येणार. विद्याधरांनी माझ्या चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “एवढं काम केलंय, आता तोडायचं? लोक हसतील.”

रविवारी क्षमाची बॅग भरली गेली आणि तिला खारदांड्याला प्रेमामावशीकडे पाठवलं. मोकळ्या हवेसाठी. मोकळी हवा काचेपलीकडे दोन बोटांवर उभी होती, आणि पोरीला मुंबईच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. तिकडून तिचं पत्र आलं. पद्मजाने ते मोठ्याने वाचलं: “आई, इथे सुकवलेल्या बोंबलांचा वास येतो. पण मी रोज मावशीबरोबर किनाऱ्यावर चालते आणि झोप छान लागते.” ती बरी होतेय म्हणून मला आनंद झाला. तेवढाच मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये ती परत आली. गालांवर रंग होता. मला वाटलं, आता ही तरी पट्ट्या काढायला सांगेल. तिने टेबल हॉलमध्ये ओढून नेलं आणि म्हणाली, “बाबा, मी त्या खोलीत नाही बसणार. ती खोलीच वाईट आहे. तिथे जीव गुदमरतो.”

त्या खोलीत. मित्रांनो, ती माझ्याबद्दल बोलत होती.

परीक्षा झाली, पेपर बरे गेले. आता माझ्यात ट्रंका आहेत, रद्दी आहे, मोडकी सायकल आहे. एक पट्टी निखळून पडली आहे आणि कोणी ती बसवलेली नाही. त्या फटीतून सकाळी बोटभर ऊन येतं आणि संध्याकाळी शकूची हाक येते. तिने अजून नाद सोडलेला नाही. “क्षमे, ए क्षमे.” हॉलमध्ये टीव्ही चालू असतो. ती हाक माझ्यापाशीच येऊन थांबते.

माझं आता काही होणार नाही. पण तुमच्या घरची गॅलरी अजून उघडी असेल, तर उद्या सकाळी तिच्यात जाऊन जरा वेळ उभे राहा. आणि समोरून कोणी हाक मारली, तर ओ द्या.