न वाढवलेला आकडा

“चिमे, एक स्वल्पविराम दुरुस्त केलास म्हणून सगळ्या जगाला घाम फोडतेस होय गं?” दादाचा हा आवाज फार जुना, त्याने तिला काम शिकवलं तेव्हाचा. आणि लगेच, हसू गिळून, “पण लोकांच्या यंत्रांवर बसलेल्या प्रोग्रॅममध्येच खोट असली ना, की आकडा वाढवायचा. मग लोक बोंबलू देत.”

दोघं भावंडं लिनक्स या संगणकप्रणालीच्या अशा एका घराण्यात पॅकेजं, म्हणजे एकेका प्रोग्रॅमची गाठोडी, सांभाळायची, जिथे तयार काहीच मिळत नाही. सांभाळणाऱ्याने फक्त कृती लिहायची. मूळ कोडपासून प्रोग्रॅम बांधायचा तो ज्याच्या त्याच्या यंत्राने, आपापल्या घरी. कृतीपुढे एक आकडा असतो. तो वाढला, की घरोघरची यंत्रं पुन्हा बांधायला बसतात. नाही वाढला, तर नव्याने येणाऱ्याला चांगलं मिळतं, आणि आधी बांधलेल्याच्या घरी जुनी खोट सुखाने नांदते. त्याला पत्ताही नसतो.

आवाज मुद्रित करायचं पॅकेज चिमीकडे होतं. दादाच्या आजारपणात ती त्याच्याच घरी राहून काम करी. एका दुपारी तिला स्वतःच्या कृतीतली चूक दिसली: मुद्रण लांबलं, की साठवताना त्याचा शेवट गळून पडत होता. तिने कृती सुधारली. बोट आकड्यावर गेलं आणि थबकलं.

पलीकडच्या खोलीत दादाचा डोळा नुकताच लागला होता. कण्हून कण्हून, कुशी बदलून बदलून, कसाबसा लागला होता. उशाशी त्याचं जुनं यंत्र. आकडा वाढला, की ते आपणहून बांधायला बसायचं, आणि त्याचा पंखा असा घरघरायचा की वहिनी म्हणायची, “झाली ह्यांची गिरणी सुरू!”

झोपू दे बिचाऱ्याला, चिमी मनाशी म्हणाली. नवी आवृत्ती येईलच, तेव्हा सगळ्यांचं आपोआप होईल.

नवी आवृत्ती आली. गिरणी घरघरली. शेजारचा पलंग रिकामा होता.

मग एके दिवशी वहिनीला त्या यंत्रात गोष्टी सापडल्या. त्या दुपारनंतरच्या दिवसांत, घरात कुणी नसताना, धाप सावरत, दादाने लेकीसाठी सांगून ठेवलेल्या. चिमीला यातलं काय ठाऊक होतं!

“ऐक ना,” वहिनी म्हणाली. राजकन्या दारापाशी आली, कडीला हात घातला, आणि आवाज बंद. दुसरी गोष्ट. म्हातारा उंटावरून उतरला, आणि बंद.

“सगळ्या अशाच,” वहिनीने पदराने स्क्रीन पुसला, जणू धूळच आड येत होती. “दमच पुरला नाही गं ह्यांना. पोर रोज विचारते, बाबा माझी गोष्ट अर्धी टाकून का झोपतात? काय सांगू तिला?”

‘थकले होते म्हणून सांग’ एवढं म्हटलं असतं, तर भागलं असतं. चिमीच्या ओठांवर ते आलंही. ती खुर्चीवरून उठली आणि वहिनीच्या पायाशी जमिनीवर बसली.

“दम पुरला होता, वहिनी. प्रत्येक गोष्ट दादाने शेवटापर्यंत सांगितली होती. शेवट गाळले ते माझ्या पॅकेजने. मला चूक सापडली होती, सुधारलीही होती. फक्त आकडा नाही वाढवला... त्याची झोप मोडेल म्हणून.”