वीतभर फीत

फोटोत पाच माणसं होती आणि खाली नावं चारच. पाचव्याच्या जागी छापलं होतं, ‘अनोळखी’.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मासिकवाल्यांना तरी काय बोलणार? फोटो शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. चौघांचे केस खांद्यापर्यंत, शर्ट फुलाफुलांचे, आणि कडेला भांग पाडलेला, गळ्याशी गुंडी लावलेला एक किडकिडीत माणूस. विम्याचा एजंट चुकून आत शिरावा तसा. पण या अनोळखी माणसाने तिला सायकल शिकवली होती. आणि अडीच महिन्यांपूर्वी इस्पितळात तिचा हात धरून ठेवून तो गेला होता.

“हे माझे बाबा,” ती म्हणाली.

समोर बसलेल्या उपसंपादक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. संगीताचं ते जुनं मासिक बँडच्या पन्नाशीनिमित्त विशेषांक काढत होतं. जुनं काही घरात असेल तर कळवा, असं त्यांनी वाचकांना सांगितलं होतं. हिने कळवलं होतं, कपाटभर आहे. म्हणून बाई तयार पानांच्या प्रती पिशवीत घालून स्वतःच आल्या होत्या. पानं उद्या दुपारी छापायला जायची होती.

“बँडमध्ये काय वाजवायचे?”

“काही नाही. स्टुडिओत नोकरीला होते. फीत कापायचे.”

“सगळ्यांना हेच सांगायचे,” स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. “शेजाऱ्यांना कितीतरी दिवस वाटायचं, मंत्रीबिंत्री आहेत की काय.”

बाई हसल्या, पण त्यांना कळलं होतं. हे मासिक करता करता त्यांचेही केस पांढरे झाले होते. हा बँड प्रोग्रेसिव्ह रॉकवाला, म्हणजे गाणं तीन मिनिटांत आटपायचं ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं एकवीस मिनिटांचं, तबकडीची अख्खी एक बाजू खाणारं. ते एका दमात वाजवणं चौघांच्या बापाला जमलं नसतं. मिनिट-सव्वा मिनिटाचे तुकडे वाजवायचे आणि बाबा ते जोडायचे. ध्वनिमुद्रणाची फीत हाताने मागेपुढे करत कानाने जागा शोधायची, पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप घ्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने अशी जुळवायची की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. सांधा कळला नाही की काम झालं. आणि मग ते कुणी केलं, हे कोण विचारतो?

तिने कपाट उघडलं. वरच्या तीन फळ्यांवर मासिकाचे अंक होते. बँडबद्दल ज्या ज्या अंकात एक ओळ जरी आली होती, तो प्रत्येक अंक. खालच्या फळीवर पत्र्याचे गोल डबे.

“अर्धं कपाट या केसवाल्यांनी खाल्लं,” आई म्हणाली. “माझ्या साड्या ट्रंकेत.”

बाईंनी वरचा एक अंक सहज उघडला आणि त्यांचा हात थांबला. समासात पेन्सिलीने बारीक, उभट अक्षरात लिहिलं होतं: ‘पान २३, ओळ ८. ड्रमवाला डावखुरा नाही. फोटो उलटा छापला आहे.’ पुढच्या अंकात: ‘ओळ ३१. बासरी नव्हे. कीबोर्डवर काढलेला आवाज.’ त्याच्या पुढच्या अंकात आणखी दोन.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “हे पोस्टकार्डं पाठवायचे?”

“दर महिन्याला. तुम्ही छापलीत मात्र दोनच.”

“अहो ताई, हे पेन्सिलसाहेब.” बाईंनी अंक मांडीवर ठेवला. “आमच्या ऑफिसात यांच्या कार्डांची फाइल आहे. नवीन माणूस रुजू झाला की आधी ती त्याच्या हातात देतो. म्हणतो, बाबा रे, लिहिताना हा माणूस वाचणार आहे एवढं ध्यानात ठेव. मीही तशीच शिकले. खाली सही नुसती ‘एक वाचक’. आम्हाला वाटायचं, असेल कुणी निवृत्त हेडमास्तर.”

तीस वर्षं तिने बाबांना दर महिन्याला ते कार्ड पेटीत टाकताना पाहिलं होतं, आणि दर महिन्याला मनात म्हटलं होतं, कोण वाचतंय.

“नाव तर घालूच,” बाई म्हणाल्या. “पण पुढे एक ओळ हवी. त्यांनी नेमकं काय केलं ते. आता हे बघा, सगळ्या लेखाचा भर इथे आहे.”

त्यांनी एक पान पुढे केलं. मथळा होता ‘गाळलेली मात्रा’. अकराव्या मिनिटाला, सात मात्रांच्या ठेक्यात अचानक एकदाच सहा मात्रा येतात. जिना उतरताना एक पायरी नसावी आणि तरी पाऊल नेमकं पडावं, तसं काहीतरी होतं. या एका मात्रेवर मासिकात आजवर किती पानं लिहिली गेली होती, देव जाणे. लेखात बँडच्या म्होरक्याचं, मास्तरांचं, जुन्या मुलाखतीतलं वाक्य ठळक टाकलं होतं: ‘ती मात्रा मी मुद्दाम काढली.’

तो मुलाखतीचा अंक तिने फळीवरून शोधून काढला. समासात पेन्सिलीने दुरुस्ती नव्हती. त्या वाक्यासमोर फक्त एक खूण होती, बरोबरची. एवढ्या अंकांत बाबांनी बरोबर म्हणून खूण केलेलं हे एकच वाक्य.

तेवढ्यात डबे चाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, यात हे काय आहे?”

सगळ्यात खालच्या डब्यात एक पाकीट होतं. पाकिटात तपकिरी फितीचा एक तुकडा, दोन्ही टोकं तिरकी कापलेली. पाकिटावर बाबांचं अक्षर: ‘११वं मिनिट. सातवी मात्रा. चूक माझी.’

तिने टेबलावरच्या बाबांच्या पोलादी पट्टीशी तो तुकडा धरला. एकोणीस सेंटिमीटर. सेकंदाला अडतीस सेंटिमीटर फीत धावते, हे त्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई. म्हणजे अर्धा सेकंद. मोजून एक मात्रा.

बाईंनी हातातलं पेन बंद करून बाजूला ठेवलं.

“मला जे दिसलं ते दिसलं,” त्या म्हणाल्या. “पण छापायचं की नाही, ते तुम्ही सांगायचं. उद्या दुपारपर्यंत.”

तिला बाबांचं नाव हवं होतं. पण असं? एकवीस मिनिटांत अठरा सांधे, त्यातले सतरा कुणाला कधी सापडले नाहीत, आणि नाव यायचं ते अठराव्याच्या चुकीसाठी? त्यापेक्षा ‘अनोळखी’ काय वाईट होतं.

मंगळवार होता, म्हणून मास्तर आलेच. मंगळवारी ते बाबांशी बुद्धिबळ खेळायला यायचे. आता पट मांडत नसत, पण यायचे मात्र. चहा घ्यायचे, आईशी वाद घालायचे आणि जायचे. ऐंशीचे झाले होते. केस अजून खांद्यापर्यंत होते, फक्त मोजकेच उरले होते. बँडच्या आधी ते शाळेत गणित शिकवायचे. नाव तिथूनच चिकटलेलं.

तिने फितीचा तुकडा आणि तो अंक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि सावकाश बसले.

“ठेवला होता म्हणजे त्याने,” ते म्हणाले.

“मास्तरकाका, हे तुम्ही मुद्दाम काढलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग शेहेचाळीस वर्षं—”

“सांगतो. आधी चहा येऊ दे. वहिनी, साखर घाला हो, डॉक्टर काही इथे बसलेला नाही.”

“पण मी बसलेय,” आई म्हणाली. तरी तिने साखर घातली.

“मला ताप होता,” मास्तर म्हणाले. “अंथरुणातून चिठ्ठी पाठवली, अमुक तुकडा सहापर्यंत ठेव, पुढचा जोड. आता मी गणिताचा मास्तर. मी शून्यापासून मोजतो. शून्य ते सहा, झाल्या सात मात्रा. तुझा बाप सरळ माणूस. एकपासून मोजणारा. एक ते सहा.” त्यांनी टेबलावर बोटं आपटून दाखवली. “वीतभर फीत जास्तीची गेली.”

“पण त्यांना शंका कशी नाही आली?” बाईंनी विचारलं.

“आमच्या बाबतीत? त्याच्या आधीच्या तुकड्यात पाच मात्रा होत्या, त्याच्या आधी अकरा. मध्येच एक सहाची आली तर त्या बिचाऱ्याने म्हणावं, असेल यांचं काहीतरी.” मास्तरांनी बशीत चहा ओतला. “तबकडी छापून घरी आली. लावली. अकराव्या मिनिटाला मी खुर्चीतून असा उठलो की बायको विचारते, विंचू चावला का. म्हटलं, आज या माणसाला सोडत नाही. तणतणत निघालो. कोपऱ्यावर तुमचं मासिक आलेलं दिसलं. त्यात आमचं परीक्षण, आणि परीक्षणात ती मात्रा. सगळ्या तबकडीतली सगळ्यात धीट जागा म्हणे. रस्त्यात उभा राहून तीनदा वाचलं. मग घरी परत गेलो आणि नीट ऐकलं. लेकाचा, सुंदरच सांधा होता तो.”

“आणि श्रेय तुम्ही घेतलंत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मास्तरांनी बशी खाली ठेवली.

“मुलाखत झाली तेव्हा स्टुडिओचा मालक माझ्या शेजारी बसला होता. मूळ फीत ज्याच्या हातून बिघडली तो त्याच दिवशी घरी, हा त्याचा कायदा. तुझ्या बापाला नोकरीला लागून आठ महिने झालेले. आणि वहिनी अशा—” त्यांनी पोटापुढे हाताने गोल काढला. “त्यात तू होतीस. मुलाखतवाल्याने विचारलं, ही मात्रा गाळायची कल्पना कुणाची? मी म्हणालो, माझी.”

“मला कसं नाही सांगितलं कुणी?” आई म्हणाली.

“तुम्ही गावभर केलं असतंत.”

“केलंच असतं.”

ती समासातल्या त्या खुणेकडे बघत होती. ड्रमवाल्याचा हात उलटा छापला तरी ज्याला राहवत नसे, त्या माणसाने एका मित्राच्या खोट्यापुढे, आयुष्यात एकदाच, बरोबर म्हणून खूण केली होती.

“मालक मेला, स्टुडिओ बंद पडला,” मास्तर म्हणाले. “मी कितीदा म्हटलं, आता सांगू या. तर म्हणायचा, मी असेपर्यंत नको. सांधा कळू नये एवढंच माझं काम, आणि तुम्ही त्याची दवंडी पिटणार. म्हटलं, आणि तू नसलास तर? तर म्हणतो, तेव्हा माझं कोण ऐकतंय.”

आई खळखळून हसली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली.

उपसंपादक बाईंनी पेन पुन्हा उघडलं. “मला विचाराल तर एक मार्ग आहे. आपण लिहू, ‘मात्रा गाळण्याची कल्पना मूळची यांची.’ मास्तरांची हरकत नसेल तर. वाचायलाही बरं दिसेल.”

“माझी कसली हरकत,” मास्तर म्हणाले. “लिहा.”

ती उठली. खिडकीशी बाबांच्या टेबलावर मगमध्ये पेन्सिली होत्या, सगळ्या एका मापाच्या, टोक वर. त्यातली एक तिने घेतली.

“त्यांची कल्पना नव्हती,” ती म्हणाली. “चूक होती.”

“पोरी, लोक हसतील.”

“हसू देत की. शेहेचाळीस वर्षं टाळ्या वाजवतायत. एवढी चांगली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीय का, ते सांगा मला.”

मास्तरांनी तो तुकडा बोटांत धरून पाहिला. मग म्हणाले, “मग माझी चिठ्ठीही घाल त्यात. शून्यापासून मोजणारा मी होतो. अर्धी चूक माझी आहे, ती मी का सोडू?”

तिने पान पुढे ओढलं आणि फोटोशेजारच्या समासात लिहिलं. ‘पान ४१, फोटोखालील ओळ. “अनोळखी” हे चूक.’ मग बाबांचं नाव, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. ‘ध्वनिफीत संकलक. या गाण्यातले अठराही सांधे यांचे. सतरा कुणाला सापडले नाहीत. अठराव्यात यांच्या हातून एक मात्रा चुकून गेली, कारण म्होरके शून्यापासून मोजत आणि हे एकपासून. ती मात्रा घरी जपून ठेवली आहे.’ अक्षर उभट आलं. तिचं तसं येत नसे.

बाईंनी ते दोनदा वाचलं. एक शब्दही बदलला नाही. पान पिशवीत न घालता त्यांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं.

अंक तीन आठवड्यांनी आला. आईने पान ४१ मोठ्याने वाचलं, मग शेजारच्यांना बोलावून वाचलं, मग फोनवरून मावशीला. चौघा केसवाल्यांच्या कडेला गुंडी लावलेला तो माणूस तसाच उभा होता, पण आता त्याला नाव होतं आणि कामही. लेखाचा मथळा तोच ठेवला होता. त्याच्याखाली मोठ्या अक्षरात त्यांनी टाकलं होतं, ‘आमच्या सगळ्यात कडक वाचकाच्या स्मृतीस’.

आईचं झाल्यावर तिने अंक टेबलावर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पेन्सिल हातात होती. पान ४४ वर ती थांबली. परत वाचलं. डब्यातून पाकीट काढलं, तुकडा पट्टीशी धरला आणि समासात लिहिलं: ‘ओळ १२. तुकड्याची लांबी एकोणीस इंच नव्हे. एकोणीस सेंटिमीटर.’

“सापडली?” आईने विचारलं.

“एक.”

“मग टाक कार्ड. वाट बघत असतील.”