माझ्या मागे बसवलेला हुक

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, लहानशी मोटारगाडी आहे. माणसे बसवून न्यायची, एवढ्याच कामासाठी कारखान्यात माझी घडण झाली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या धम्मपाल आणि संघप्रिया या नवरा-बायकोने मला घरी आणले, तेव्हा संघप्रियाने पदराने माझ्या काचा पुसल्या होत्या.

त्यांची उसाच्या रसाची रसवंती होती. ऊस पिळायचा चरक बसवलेला दोन चाकांचा लोखंडी गाडा. तो मलकापूरच्या बाजारात न्यावा असे धम्मपालच्या मनात आले. तो मला मित्राच्या, म्हणजे बाळासोच्या गॅरेजात घेऊन गेला.

"मागं हुक बसव. गाडा वढायचाय."

"कंपनीनं ह्या गाडीला वढायची परवानगी दिलेली न्हाय," बाळासो म्हणाला. "खालचा पत्रा पातळ हाय."

"हळू नेतो की."

मैत्रीखातर बाळासोने पत्र्याला भोके पाडून हुक आवळला. चढावर माझे इंजिन तापायचे. पण बाजारात लोक म्हणत, "लहान हाय, पर ताकदीची हाय." ते ऐकून मलाही बरे वाटे.

एका बाजारच्या दिवशी दोघेही माझ्यात बसून निघाले होते. उतारावर म्हशी आडव्या आल्या. धम्मपालने ब्रेक दाबला. मी थांबले, पण मागचा गाडा थांबेना. त्याने मला ढकलून तिरके केले. पत्रा फाटला आणि हुकासकट गाडा सुटून कडेच्या उसात घुसला. तिथे पारूबाई नावाच्या बाई खुरप्याने तण काढत, भांगलत होत्या. गाडा त्यांच्या अगदी जवळून गेला.

धम्मपाल धावला. "मावशी, लागलं का?"

"न्हाय लागलं," त्या खाली बसत म्हणाल्या. "पर पावणं, दोन पावलं पुढं असते तर कुणाला इचारलं असतं?"

संघप्रियाने त्यांना पाणी दिले आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.

आता गाडा टेंपोतून जातो. बाळासोने माझ्या फाटक्या पत्र्याला ठिगळ जोडले. परवा मी आणि धम्मपाल त्याच्या गॅरेजात असताना माझ्यासारखीच गाडी घेऊन एकजण हुक बसवायला आला. बाळासोने नकारार्थी मान हलवली. धम्मपाल त्या माणसाला माझ्यापाशी घेऊन आला.

"पावणं, जरा खाली वाकून बघा."

आणि उतारावरची हकीकत सांगून त्याने पारूबाईंचा प्रश्न जसाच्या तसा त्याच्यापुढे ठेवला. तो माणूस हुक न बसवताच परत गेला.

मित्रांनो, जेवढे लादाल तेवढे आम्ही ओढत राहतो. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. आमच्यासाठी ते तुम्हीच म्हणा.