क्रमांक दोनशे सोळा

पगारबाईंनी तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली आणि पर्समधला कागद बाहेर काढून हातात धरला. कारखान्यात वीस वर्षं सगळ्यांचे पगार काढणाऱ्या या बाईंना पगारबाईच म्हणत. मालक म्हणाले होते, पैसे खात्यावर टाका, विषय संपवा. पण एखाद्याचा पगार पाच महिने चुकीचा कापायचा आणि तोंडही दाखवायचं नाही, हे त्यांना पटेना.

दार वेल्डरच्या बायकोने उघडलं.

"ते खाली शेजाऱ्यांचं फाटक जोडतायत. हल्ली सुट्टीच्या दिवशीही स्वस्थ बसत नाहीत. बसा, बोलावते."

तिने खिडकीतून हाक मारली. पगारबाई काही बसल्या नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रंगखात्यातल्या एकाने कर्ज थकवलं होतं. दरमहा त्याच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून पाठवा, असा कोर्टाचा हुकूम आला. त्याचा क्रमांक दोनशे एकसष्ट, बाईंनी लिहिला दोनशे सोळा. दोनशे सोळा म्हणजे वेल्डर. रंगाऱ्याचं कर्ज वेल्डरच्या घामातून फिटत राहिलं आणि रंगारी आपला पूर्ण पगार घेऊन मिठाची गुळणी धरून बसला. शेवटी सोमवारी त्याची म्हातारी आईच त्याला दंडाला धरून ऑफिसात घेऊन आली.

"कोर्टाला पत्र गेलंय. रंगाऱ्यानेही लिहून दिलंय, त्याच्याकडून कंपनी थोडेथोडे कापून घेईल. तुमचे सगळे पैसे काल जमा केले, हा हिशेब. घोडचूक झाली माझ्याकडून. पण पाच महिन्यांत हे एकदाही विचारायला कसे आले नाहीत?"

बायको कागदाकडे बघत राहिली.

"म्हणजे चुकून कापले?"

"अगदी चुकून."

"माझ्या भावाच्या कर्जाचे नव्हते?"

"तुमच्या भावाचं काय?" पगारबाई गोंधळल्या.

वेल्डर दारात येऊन उभा होता. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, हात काजळलेले.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही जामीन राहिलात, त्याच दिवशी त्याने फोन करून सांगितलं. आणि पगाराची चिठ्ठी खिशात ठेवून शर्ट धुवायला कोण टाकतं? कोर्टाची कपात, असं ठसठशीत लिहिलेलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

वेल्डरने पगारबाईंकडे पाहिलं, जणू आता त्यांनीच निवाडा करावा.

"मेहुण्याने हप्ते बुडवले, आता जामीनदाराला धरलंय, असंच वाटलं मला. तुमच्याकडे विचारायला आलो असतो तर कारखानाभर बोभाटा झाला असता. हिच्या कानावर गेलं असतं. मुकाट वरची कामं धरली."

"अहो, पण एकदा त्याला तरी विचारायचंत," बायको म्हणाली.

"तू विचारलंस?"

"मी?" ती थांबली. "मी पाच महिने त्याचा फोनच उचलला नाही."

आधी वेल्डरला हसू फुटलं. बायकोने रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण तिलाही ते आवरेना. आपण हसावं की नाही, हे न कळून पगारबाई अखेर खुर्चीत टेकल्या.

बायकोने फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला.

"ताई?" भावाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अगं, माझं चुकलं तरी काय?"

"काही नाही. आज जेवायला ये. सगळे या."

"येतो ना! ताई, ऐक तरी. दाजी जामीन राहिले होते ते मशीनचं कर्ज संपलं. एक हप्ता चुकवला नाही. शेवटचा भरला तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता, दहा वेळा."

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"ताई? ऐकतेयस ना?"

"मी बोलतोय," वेल्डर म्हणाला. खिडकीशी ती अजून पाठमोरीच होती. "तू नीघ लवकर. ताई स्वयंपाकाला लागलीसुद्धा."