पंचाच्या घरचा नळ

बाबुलाल बोरकर पोस्टमनकीतून रिटायर झाला, पण दारोदार फिरायची खोड काही गेली नाही. तालुक्याचे साहेब ग्रामसभेत म्हणाले, नळयोजना तपासायला गावातलेच तीन नागरिक पंच पाहिजेत, मानधन मिळणार नाही. सगळं गाव खाली पाहत बसलं. हात वर झाला तो एकट्या याचा! बाकीचे दोन पंच सरपंचानं सुचवले. तेव्हाच समजायचं ना बापा! पण नाही.

कागदावर बाबुलाल राहतो त्या टोलीतल्या, म्हणजे गावाकडेच्या वस्तीतल्या, चाळीसही घरी पाणी येत होतं. बाबुलालनं चाळीसही नळ स्वतःच्या हातानं पिळून पाहिले, थेंब नाही. शेवटचं घर गोदावरीबाईचं. म्हातारी एकटी, कंबर वाकलेली, हापशीवरून पितळी गुंडानं पाणी आणते. तिला त्यानं शब्द दिला, "काकू, तू फक्त खरं सांग. बाकी मी पाहातो."

जनसुनवाईचे नियम ठरवताना तर याची अक्कल फारच चालली. पंचानं साक्ष द्यायची नाही, नाहीतर लोक म्हणतील आधीच ठरवून बसला. आणि साक्ष द्यायची घरच्या बाईनं, कारण पाणी तीच भरते. साहेबांनी कौतुकानं लिहून घेतलं. हा दोन दिवस छाती काढून हिंडला.

जनसुनवाई शाळेच्या व्हरांड्यात भरली. पहिली बाई उठली, "येते जी पाणी." दुसरी म्हणाली, "येते." शेजारची डिंपल म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ येते." अगं, आठवड्यापूर्वी हीच कोरड्या नळाला शिव्या घालत होती की नाही? बाबुलालचे कान तापले. सरपंच मागल्या चार दिवसांत टोलीत घरोघरी बसून गेला, कोणाला घरकुल तर कोणाला रेशनकार्ड कबूल करून गेला, हे त्याच्या डोक्यात आता शिरलं.

मग नाव पुकारलं, धुरपता बाबुलाल बोरकर. त्याच्या जिवात जीव आला. पस्तीस वर्षांचा संसार, ही काही खोटं बोलायची नाही.

धुरपतानं पदर सारखा केला. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"येते जी. रोज येते."

तिच्यामागे सून रीना मान खाली घालून बसली होती. काल संध्याकाळीच तिच्या अंगणवाडीच्या नोकरीचा कागद आला होता. सुनेच्या हुशारीचं कौतुक करत बाबुलालनं दोन पेढे खाल्ले होते. तो कागद कशाच्या बदल्यात आला, हे घरात त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. संताप असा उसळला की तिथंच ओरडावं वाटलं. घरच्यांनीच गळा कापला होता.

सगळ्यात शेवटी गोदावरीबाई उभी झाली.

"नाई येत जी पाणी. एकही दिवस नाई आलं. या बाबुलालनंच माया नळ उघडून पाह्यला. सांग ना गा, बाबुलाल!"

सरपंच हसला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पंच साक्ष देऊ शकत नाही. नियम यांचाच आहे. मोडायचा का, बोरकर?"

मोडायला काय लागत होतं? एक वाक्य. पण ते बोललं की धुरपता भर गावात खोटी पडणार, अन् रीनाचा कागद गेला. बाबुलालनं बायकोकडे पाहिलं. आता मात्र ती त्याच्याकडेच पाहत होती आणि तिचे हात जोडलेले होते.

"नियम आहे, काकू," तो म्हणाला.

साहेबांनी गोदावरीबाईच्या नावापुढे लिहिलं, तक्रारीत तथ्य नाही. दोन पंचांनी सह्या केल्या. कागद बाबुलालपुढे आला, त्यानंही केली. मघापासून बायकोच्या नावानं पेटलेला माणूस, पण ज्या एका बाईनं त्याच्यावर भरवसा टाकला तिला यानंच दगा दिला होता.

गोदावरीबाई त्याच्या टेबलापाशी आली. रागावली नाही, रडली नाही.

"मंग माया दारात आलता कायले गा?" तिनं विचारलं.